बेरिलची जराशी हरकत

क्लेदरशॉ गावात बेरिल हॅसलमला कोणी कधी 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. फ्रँकने लग्नाचं विचारलं तेव्हाही ती "माझी काही हरकत नाही" एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यावर दोघांचा संसार सुखाचा झाला. फ्रँक गेला आणि तिला मोकळेपणाने बोलायला एकच जागा उरली, नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव. रोज सकाळी ती आणि तिची मैत्रीण विनी कोमट पाण्यात उतरत, केस भिजू नयेत म्हणून बदकासारख्या माना वर धरत आणि शेजारी शेजारी सरकत गावातल्या एकेकाची हजेरी घेत. याला पोहणं म्हणायला धाडस हवं.

मग नगरपालिकेने तलाव चालवायला एका कंपनीकडे द्यायचं काढलं. अशा कामात लोकांचा सहभाग हवा म्हणून नागरिकांची समिती नेमली. नगरसेवक ग्रिमशॉंनी बेरिलला बाजारात गाठून विचारलं. तिची काही हरकत नव्हती.

कंपनीचा टोबी लंडनकडचा, चुणचुणीत पोरगा. त्याला बिचाऱ्याला हे गाव कळणं शक्यच नव्हतं. इथे पायावर पाय पडला तर ज्याचा चेंगरतो तोच माफी मागतो. टोबी म्हणाला, भिंती जांभळ्या करू. समिती म्हणाली, वेगळंच आहे हं. चहाची टपरी काढून तिथे पालेभाज्यांचा रस ठेवू म्हणाला, तर समिती म्हणाली, गंमतच आहे. या दोन्ही इथल्या शिव्या. टोबीने मात्र दोन्ही वेळा गावाचा भरघोस पाठिंबा असल्याचं लिहून घेतलं.

शेवटच्या बैठकीत त्याने सांगितलं की सकाळची वेळ आता ऑफिसला जाणाऱ्या, सपासप पोहणाऱ्यांची. सावकाश मंडळींनी दुपारी यावं. दुपारी विनी लेकीची मुलं सांभाळायची. तलाव राहणार होता, पण त्यात विनी नसणार होती.

"कुणाची हरकत नाही ना?" टोबीने सामान आवरता आवरता विचारलं.

सगळी समिती बिस्किटांकडे बघू लागली. बेरिल उठून उभी राहिली.

"माफ करा हं," ती म्हणाली, "पण माझी जराशी हरकत आहे."

कपांत फिरणारे चमचे थांबले. ग्रिमशॉंचा चेहरा पांढराफटक पडला. टोबी मात्र हसला. "जराशीच ना? मग पुढे जाऊ या."

"अरे बाबा, खाली बस," ग्रिमशॉ हळूच म्हणाले. "बाई भयंकर संतापल्यात."

मग पाद्रीबाबांच्या बायकोलाही थोडीशी हरकत आठवली. पाठोपाठ एकेकाला आठवत गेली, जांभळ्या भिंतींचीसुद्धा. बैठक संपेपर्यंत सावकाश मंडळींची सकाळ करारात पक्की झाली, आणि टोबी टपरीवरचा चहा निमूटपणे प्यायला.

दुसऱ्या दिवशी तलावात हजेरी बेरिलचीच होती.

"अगं, चारचौघांत इतकं तोडून बोलायचं?" विनी म्हणाली.

"सुटलं तोंडातून," बेरिल म्हणाली. तिला खरंच लाज वाटत होती.

"दुपारी मला जमलं नसतं."

"माहीत आहे मला."

विनीने तोंड फिरवून डोळे पुसले. क्लोरीन गेलं म्हणे डोळ्यांत, मान एवढी वर असून.