बांधलेलं पोर

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, अगदी आमच्या दारासमोर, गॅलरीच्या लाकडी कठड्याच्या तीन पट्ट्या गेल्या होत्या. कशा गेल्या, यावर एकमत नव्हतं. भाडं वसूल करायला येणारा मालकाचा मेहता म्हणायचा, भाडेकरूंनीच चुलीत घातल्या. चाळकरी म्हणायचे, कुजून पडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते, त्यामुळे पोरांनी झेंड्यांना काठ्या म्हणून नेल्या, असंही कुणी कुणी म्हणायचं. मेहता प्रत्येक खोलीतल्या सरपणाकडे टक लावून बघून जायचा. पट्ट्या मात्र बसवल्या नाहीत.

मी नऊ वर्षांची होते, भाऊ दीड वर्षाचा. वडील गिरणीत पहिल्या पाळीला जायचे. आई खाणावळ चालवायची. गावाकडचे आठ गिरणी कामगार आमच्याकडे जेवायचे. एवढ्याशा खोलीत एका अंगाला पेटती शेगडी, दुसऱ्या अंगाला दार आणि दाराबाहेर ते भगदाड. भाऊ नुकताच पळायला लागलेला. आई सकाळीच जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. शेगडीपर्यंत पोचू नये आणि उंबऱ्यापर्यंतही पोचू नये, एवढीच लांब. आमच्या मजल्यावर आणखी दोन पोरं अशीच बांधलेली असायची. कुणाला त्यात काही वाटत नसे.

एका सकाळी पेजेचा टोप कलंडला. कढत पेज जमिनीवरून वाहत भावापर्यंत गेली. बांधलेला, मागे सरकणार किती? दोन्ही पाय भाजले.

दवाखान्यात नर्सने झबलं काढलं तर कमरेला वळ. आई औषधाच्या रांगेत उभी असताना दवाखान्यातर्फे पेशंटच्या घरची चौकशी करणारी एक चष्मेवाली बाई माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. हातात वही होती.

"आई मारते का गं याला?"

"नाही."

"मग हा वळ कसला?"

"आई बांधते त्याला."

"रोज?"

"रोज."

तिने लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय याचं मला तेव्हा मोठं अप्रूप वाटलं होतं.

आठवड्याने ती बाई आमच्या दारात उभी. खाटेचा पाय पाहिला, लुगडं पाहिलं.

"मुलाला असं गुरासारखं बांधून ठेवतात का?"

"मग काय करू?" आई म्हणाली. "इकडे विस्तव, तिकडे कठडा नाय."

"दार लावून घ्या."

"दार लावलं तर धुराने जीव जाईल त्याचा. बाई, तुमच्या घरात खोल्या किती?"

बाई जरा अडखळली. "चार."

"आणि मूल कोण बघतं?"

"आया आहे," ती म्हणाली आणि वहीत मान घातली. मग विचारलं, "इथे जेवायला येतात ती माणसं कोण? कुठे राहतात?"

तिथे सगळं बिनसलं. महिन्याभरापूर्वीच आमच्या जेवणाऱ्यांपैकी दोघांना पोलिसांनी मोर्च्यातून उचललं होतं. वही घेऊन नावगाव विचारणारी बाई म्हणजे सीआयडीची, हे संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. चार जेवणारे यायचेच बंद झाले. जाताना बाई आईला बजावून गेली होती, "मी पुन्हा येईन. मूल बांधलेलं दिसलं तर वरती कळवावं लागेल."

वरती म्हणजे कुठे, ते तिने सांगितलं नाही. आईने ते पोलीस असं धरलं. त्या दिवसापासून लुगडं सुटलं.

आता आईला एकच प्रश्न होता, पोराला रोज बांधते हे हिला सांगितलं कुणी? तिचा संशय शेजारच्या काकूंवर गेला. नळावर हंड्यावरून दोघींची कधीतरी वाजली होती. "तिचंच काम," आई म्हणाली आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्याकडून आलेली वाटी तशीच परत पाठवली. मी गप्प बसले. आज सांगते, कालांतराने मलाही काकूंचाच संशय येऊ लागला होता, इतकं मला ते सोयीचं होतं.

भावाला धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. शाळा बुडायला लागली.

एके दिवशी अकराच्या सुमारास रस्त्यावरून घोषणा ऐकू आल्या. सगळा मजला गॅलरीत धावला. मीही भावाचा हात धरून गेले. मोर्चा वळणावर आला, मी टाचा उंच केल्या. हात कधी सुटला कळलं नाही. खाली कोळशाच्या दुकानाच्या पत्र्यावर धाडकन आवाज झाला.

आईच्या आधी काकू जिना उतरल्या. पत्र्यावरून घसरून भाऊ कोळशाच्या गोणींवर पडला होता. काकूंनी त्याला उचललं. मोर्च्यामुळे टॅक्सी मिळेना, तेव्हा त्या त्याला छातीशी धरून गर्दीतून पळत सुटल्या. आई आणि मी मागे. लोक वाट करून देत होते.

मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर काकू आणि आई, मध्ये मी. काकूंच्या लुगड्याला कोळसा लागलेला. मला राहवेना. "आई, त्या बाईला मी सांगितलं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकूंनी विचारलं, "काय सांगितलं? कुणाला?" आईने तुटक तुटक सगळं सांगितलं.

"म्हणून बोलत नव्हतीस माझ्याशी?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, आमच्या घरवाल्यांचं काम सुटलं, उसने मागेन म्हणून तुम्ही तोंड चुकवता."

आईने मला मारलं नाही. घरी गेल्यावर काकूंचं लुगडं मागून आणलं आणि स्वतः धुतलं. पण पूर्वीसारखं मन मोकळं करणं दोघींत पुन्हा झालं नाही.

त्याच आठवड्यात उरलेल्या जेवणाऱ्यांनी भगदाडाला बांबू बांधले. मेहत्याने ते पाहिलं आणि परवानगी कुणी दिली म्हणून तावातावाने बोलला. या वेळी वडील त्याच्या अंगावर गेले, तेव्हा निमूट जिना उतरला. चष्मेवाली बाई पुन्हा आली. दारातच उभी राहून प्लास्टरमधल्या भावाकडे बघत राहिली. वही पिशवीतून काढली नाही. आईने तिला बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

भावाचा डावा पाय आखूड राहिला. तो शाळेत जायला लागला तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलं होतं. पोरांनी लंगडा म्हणून चिडवलं, तर त्याने ठोकून दिलं की वडिलांच्या खांद्यावर बसून मोर्च्यात गेलो होतो, पोलिसांची लाठी लागली. मास्तरांनीसुद्धा ते खरं मानलं आणि एकदा त्याला पुढे उभं करून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तो घरी उड्या मारत आला. मी खरं काय ते बोलायला तोंड उघडलं, तर आईने डोळ्यांनीच गप्प केलं आणि त्याच्या पानात भात वाढला.