काकूंचा पक्ष

"आपले किती?"

ताटात पहिली पोळी पडायच्या आत काकू हा प्रश्न विचारत. जेवायला नवखा कोणी बसलेला असला, तर त्याला वाटे, महापालिकेच्या निकालाबद्दल चाललं आहे. मी म्हणे, "मागच्यापेक्षा वाढलेत, काकू." त्या "बरं" म्हणत आणि त्या दिवशी पोळीवर तूप जरा सढळ पडे. हे वाढलेले आमदार जर्मनीतल्या एका राज्याच्या विधानसभेतले असत.

मी अकोल्याचा. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि जेवणाची सोय म्हणून शनिवार पेठेत काकूंची पोळीभाजी सापडली. खाली स्वयंपाक, पुढच्या खोलीत चार बाकं, वर एक खोली. ती खोली मला भाड्याने हवी होती. पहिल्याच आठवड्यात विचारलं तर म्हणाल्या, "ती रिकामी नाही, बंद आहे." यातला फरक विचारायची माझी हिंमत झाली नाही.

फरक नंतर कळला. खोली मुलाची होती. त्याला त्याच्या कंपनीने वर्षभरासाठी म्हणून जर्मनीला पाठवलं आणि तो तिथलाच झाला. निघताना काकू त्याला म्हणाल्या होत्या, "जायचं तर जा. पण परत ये म्हणून मी कधी सांगायची नाही." शब्दाला जागणाऱ्या बाईने असलं काही बोलू नये. त्या फोनवर हवापाण्याचं विचारत, सुनेचं विचारत, पण परत ये म्हणत नसत.

आणि मग त्यांना तो पक्ष सापडला.

आमच्या कंपनीचं काम जर्मनीचं, त्यामुळे तिकडच्या बातम्या माझ्या कानावर येत. एकदा जेवताना मी सहज सांगितलं, की काकूंचा मुलगा राहतो त्याच राज्यात, परदेशी लोकांना घरी पाठवा म्हणणारा एक पक्ष जोरात आहे. काकूंच्या हातातला वाढायचा डाव हवेतच थांबला. "घरी म्हणजे आपापल्या घरी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग चांगलेच आहेत की," असं म्हणून त्यांनी मला न मागता भात वाढला.

जर्मनीत राज्यांच्या निवडणुका सगळ्या एकदम होत नाहीत, एकामागून एक होत राहतात. त्यामुळे काकूंची आशा कधी शिळी झाली नाही. आज या राज्यात, पुढे त्या राज्यात. एरवी मतदानाच्या दिवशीसुद्धा "सगळे सारखेच" म्हणून घरी बसणाऱ्या काकूंना तिकडच्या जागांचे चढउतार मात्र तोंडपाठ असत.

आमच्यात जेवायला एक निवृत्त मास्तर येत. त्यांना हे अजिबात पटत नसे. एकदा ते चिडून म्हणाले, "अहो, त्या पक्षाच्या लोकांना तुमच्या मुलाचा रंग आवडत नाही."

"मग पाठवू देत की परत. मला आवडतो."

मास्तरांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

तुम्ही म्हणाल, बाई भाबडी होती. मला तसं कधी वाटलं नाही. त्या पक्षाच्या सभेनंतर तिकडे कोणाला मारहाण झाल्याचं वाचलं, की काकू दोन दोन दिवस आकडे विचारत नसत. मग हळूच म्हणत, "मारू नये. नुसतं पाठवावं."

मग मुलाच्याच राज्याचा निकाल लागला. त्या पक्षाच्या सगळ्यांत जास्त जागा आल्या. मी सांगितलं, की बाकीचे पक्ष त्यांना सोबत घेणार नाहीत, त्यामुळे सरकार त्यांचं येणं अवघड आहे.

"घेतील हो. आज नाही म्हणतात, उद्या मांडीला मांडी लावून बसतात. आपण इथे काय वेगळं बघतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा न्यायला गेलो, तर वरची खोली उघडी होती आणि कठड्यावर गादी उन्हात घातली होती.

पुढच्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी पुढेच बसलो होतो. काकू नुसतं हं, हं करत होत्या. फोन ठेवून आत गेल्या, आमटी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या वाटीत वाढताना म्हणाल्या, "निघतोय तो तिथून." मी आनंदाने वर बघितलं. "कॅनडाला," त्या म्हणाल्या.

गादी आत गेली, खोलीला कुलूप लागलं. पुढे कधीतरी जर्मनीतल्या दुसऱ्या राज्याचा निकाल लागला, तेव्हा सवयीने मी बोलून गेलो, "काकू, आपले वाढले."

"असू देत. आपलं कोण आहे तिथे आता?"

दोनेक वर्षांत काकू गेल्या. शेवटचं आजारपण थोडक्यात आटोपलं, मुलाला वेळेत पोहोचता आलं नाही. तो आला आणि तेराव्यापर्यंत त्याच वरच्या खोलीत राहिला. मी भेटायला गेलो तेव्हा चहा त्यानेच केला होता. काकूंसारखाच, साखर कमी.

"तुम्हीच ना आईला तिकडचे निकाल सांगायचात?" त्याने विचारलं. "फोनवर सारखी मलाही विचारायची. त्या लोकांचे किती आले, सरकार येणार का त्यांचं. फार धास्ती घेतली होती तिने माझ्यासाठी. शेवटी बायकोला म्हटलं, आईच्या जिवाला इतका घोर लावून इथे राहायचं कशाला? म्हणून तर कॅनडाला गेलो."

मी चहा संपवला. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"हो," मी म्हणालो. "त्यांचं सगळं लक्ष तिकडेच असायचं."