पहिल्या आमदाराचं पान

दाराखालून सरकवलेल्या प्रचारपत्रकाच्या गुळगुळीत कागदाला ताज्या शाईचा वास होता आणि मला ती स्मरणिका आठवली. आमच्या शहराच्या पूर्वेकडच्या मतदारसंघात शेतं जाऊन आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा आमदारसाहेबांना स्वतःच्या पन्नाशीनिमित्त काढलेल्या स्मरणिकेत मतदारसंघाचा इतिहास हवासा वाटला. मी कॉलेजात इतिहास शिकवत असल्याने काम माझ्याकडे आलं. मतदारसंघाचे पहिले आमदार तेव्हा हयात होते. पत्र्याच्या खोलीत दोन दुपारी बसवून त्यांनी मला सगळं सांगितलं. "जमिनी इकू नका म्हनलो, म्हनून दुसऱ्या खेपेला पडलो. तेवढं लिवा, मास्तर." मी पानभर लिहिलं. छापखान्यात साहेबांचा कार्यकर्ता आला. "सर, या पानावर बिल्डरची जाहिरात बसवायचीय. आजोबांना एका ओळीत घ्या की." मी घेतलं, वर ती ओळ सुबक झाल्याचं समाधानही मानलं. प्रकाशनाला म्हातारबुवा इस्त्रीचं धोतर नेसून आले. व्यासपीठावर फेटे बांधणं संपत नव्हतं, तोवर त्यांनी स्मरणिका पुढून चाळली, मग मागून चाळली. जाताना म्हणाले, "कागद भारी हाय हो." मी चक्क आभार मानले. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा एका विद्यार्थिनीने या मतदारसंघावरचा आपला प्रबंध आणून दिला. पहिले आमदार साधे शेतकरी होते, एवढं एका ओळीत लिहून तिने खाली संदर्भ म्हणून माझं नाव दिलं आहे.