तार हळू सोडणारे काका

“आराम से, भैया. घाई कशाला?” कपातला चहा बशीत ओतता ओतता काका म्हणायचे, आणि तोवर चहाची सुटी संपून भोंगा झालेला असायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर नुसता रस्ता ओलांडायचा म्हटलं तरी आपला जीव टांगणीला लागतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते वेल्डर होते, मी तपासणीला. जुन्या रॉडच्या वेल्डिंगला त्यांचा संथपणा शोभायचा. करंट एकदा लावून ठेवला की रॉड आपल्याच हातानं पुढे सरकवायचा. त्यांचा जोड सुटून माझ्याकडे परत आला, असं कधी झालं नाही.

कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ते आणि काकू दोघंच राहायचे. काकूंची नजर पूर्ण गेलेली, पण ते घर त्यांना हातापायांनी पाठ होतं. मी गेलो की अंगणात बसायचो. काकू भिंतीला बोटं लावत माठाशी जायच्या, पेला भरायच्या, उजवीकडे वळून दारातून थेट माझ्यापुढे. थेंब सांडायचा नाही.

मग बाजार खुला झाला, मोठ्या कंपनीचं काम आलं आणि पाठोपाठ वेल्डिंगचं नवं मिग मशीन आलं. साहेबांनी सांगून टाकलं, परीक्षा होईल, ज्याला हे जमेल तो राहील. नोकरी गेली की क्वार्टरही सोडायचं.

या मशीनमध्ये तार आपोआप बंदुकीतून बाहेर येते. करंटचं वेगळं बटण नसतंच. तारेचा वेग वाढवला की करंट चढतो, कमी केला की उतरतो. काकांना ती धावती तार बघवायची नाही. ते वेग कमी करायचे आणि बैलाशी बोलावं तसे तिच्याशी बोलायचे, “आराम से, आराम से.” करंट उतरायचा. जोड वरून छान दिसायचा, पण आत पत्र्याला धरायचाच नाही. हातोडा मारला की सुटला.

“काका, तार पळू द्या हो,” मी अगदी काकुळतीला येऊन म्हणायचो.

“ती पळेल रे. माझा हात कुठे पळतोय?”

परीक्षेच्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या करून वेग वाढवला. तार सुसाट, करंट भरपूर, आणि हात तोच, जुन्या चालीचा. पत्र्याला भोक पडलं. काकांनी तोंडावरची काच वर केली.

“आता तुझ्या काकूला कुठे नेऊ?”

त्या मशीनचा मला असा राग आला होता, पण मशीनची तरी काय चूक.

पुढे राम घाटाजवळच्या गल्लीत त्यांनी माडीवर एक खोली घेतली. मी भेटायला गेलो.

“देवास गेटचा ग्रिलवाला बोलावतोय,” चहा बशीत ओतत काका म्हणाले. “रॉडचंच काम आहे. पण हिला एकटी सोडून जाऊ कसा, भैया? मी इथे नसलो तर...”

काकू माझ्यासाठी पाणी आणायला उठल्या. भिंत चाचपत माठाशी गेल्या, पेला भरला आणि सवयीनं उजवीकडे वळल्या. इथे उजवीकडे जिना होता.

बशी खाली पडली. इतक्या वर्षांत काकांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी काकूंना दोन्ही हातांनी धरलं. पेला पायऱ्यांवरून वाजत वाजत खाली गेला. काकांना धाप लागली होती. आपण कुठे उभ्या आहोत ते काकूंना कळलंच नव्हतं. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून त्या हसल्या.

“आराम से हो,” त्या म्हणाल्या. “घाई कशाला?”