बापूंचं जड स्टिअरिंग

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांकडे गाड्यांपेक्षा किस्सेच जास्त चालू स्थितीत असतात. दर रविवारी सकाळी द्वारका चौकाजवळ अस्लमभाईच्या गॅरेजवर आम्ही चार-पाच जण जमतो. माझी जीप बहुतेक वेळा ढकलतच आणलेली असते. चहा होतो, कुणाचं तरी बॉनेट उघडतं आणि एक किस्सा तयार होतो. बहुतेकांत बापू असतात.

बापू म्हणजे निवृत्त इंजिनिअर. त्यांच्याकडे इंग्लंडहून आलेली लाल, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. दिसायला देखणी, पळायला तरतरीत, पण वळायला महाहट्टी. स्टिअरिंग फिरवायला दोन्ही हात, दोन्ही खांदे आणि थोड्या शिव्या लागायच्या. लग्नानंतर शैलाकाकूंनी एकदा "मी चालवून बघू का?" म्हणून विचारलं होतं. बापू म्हणाले, "जड आहे गं. तुला नाही झेपायचं."

काकू हे वाक्य अजून बापूंच्या आवाजात करून दाखवतात. बापू सोडून सगळे हसतात.

*

मग बापूंचा उजवा खांदा धरला. तेव्हापासून त्यांनी शहराचा नकाशाच बदलला. जिथं कमी वळावं लागेल तोच रस्ता चांगला. मिसळ खायला ते एका अगदी सुमार हॉटेलात जाऊ लागले.

मी विचारलं, "बापू, इथला रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी. इथं कशाला?"

"पार्किंग सरळ आहे," बापू म्हणाले.

*

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, एवढं जड स्टिअरिंग बंद. पुण्याचं एक गिऱ्हाईक गाडीवर कधीपासून टपून होतं. बापूंनी त्याला "बघू" म्हटलं आणि त्या रविवारी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं.

अस्लमभाई म्हणाला, "विकता कशाला? भंगारातल्या छोट्या गाडीची पॉवर स्टिअरिंगची मोटर बसवून देतो ना. बॅटरीवर चालती. एका बोटानं फिरवा."

बापू भडकले. "माझी गाडी ओरिजिनल आहे. तिच्यात परकी वस्तू जाणार नाही."

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमचे दात तरी ओरिजिनल आहेत का?"

मोटर बसवायचं ठरलं.

*

ट्रायलला आम्ही सगळे हजर. बापूंना आयुष्यभराची सवय, त्यामुळे गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच त्यांनी दोन्ही हातांनी दात-ओठ खाऊन स्टिअरिंग ओढलं. गाडी रस्त्यावर गरकन फिरली आणि त्याच फाटकातून परत आत आली.

अस्लमभाईनं पान्ह्यावरून नजरही उचलली नाही. "काय राहिलं बापू?"

*

तरी बापूंना एक शल्य होतंच. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कुणी विचारलं तर? म्हणून त्यांनी डॅशबोर्डखाली एक चोरटं बटण बसवून घेतलं. ते दाबलं की मोटर बंद, स्टिअरिंग पूर्वीसारखं जड.

"पण जड झाल्यावर चालवणार कसे?" मी विचारलं.

"प्रदर्शनात चालवायची नसते. शेजारी उभं राहायचं असतं."

*

आता पंचवटीचं सांगतो. नवं स्टिअरिंग दाखवायच्या उत्साहात बापूंनी गाडी एका गल्लीत घातली. शेजारी काकू, मागं माझी जीप. समोरून भाजीचा टेम्पो आला. त्याच्या मागं रिक्षा, म्हणजे तो काही हटणार नव्हता. मी जीप मागं घेऊन रस्त्यावर लावली आणि चालत परत आलो. बघतो तर बापू जागचे हलले नव्हते.

रिव्हर्स घ्यायला मागं वळून बघावं लागतं. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं, पण बापूंचा खांदा आणि मान फिरत नव्हती. मोटर काही मानेला बसवलेली नव्हती. टेम्पोवाला हॉर्न देत होता.

बापूंनी हात खाली घेतले. "राहू दे. पुण्याच्या माणसाला उद्या हो सांगतो."

त्यांचा चेहरा बघवेना.

"उतरा," काकू म्हणाल्या.

त्या सरकून स्टिअरिंगवर बसल्या, पदर खोचला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि ते बटण दाबलं.

"अगं, ते बंद करू नकोस, जड होईल!"

"एवढ्या हलक्यावर अंदाज येत नाय," काकू म्हणाल्या.

एक हात सीटच्या पाठीवर, मान मागं, आणि गाडी निघाली. दोन्हीकडच्या ओट्यांमधून, उभ्या स्कूटरींना चुकवत, वाकड्या गल्लीतून एका दमात थेट रस्त्यावर. भाजीवाल्या बायका बघत राहिल्या. मीही.

बापू धापा टाकत मागून आले. "शैला, हे कुठं शिकलीस?"

"दिंडोरीला. द्राक्षानं भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागं घ्यायचे मी. त्याच्यापुढं ही लय हलकी हाय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही सांगितलं."

पुढच्या रविवारी लाल गाडी गॅरेजच्या फाटकातून सुळकन आत आली. स्टिअरिंगवर काकू. डावीकडे बापू, मांडीवर काकूंची पर्स सांभाळत.

काकू म्हणाल्या, "अस्लमभाई, ती मोटर काढून टाका. ओरिजिनलच बरं."

अस्लमभाईनं बापूंकडे पाहिलं. बापूंनी पर्स नीट धरली.

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," ते म्हणाले.