मसाल्याच्या बागेसमोरचा ठिय्या

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या फेब्रुवारीत, श्रीलंकेच्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी. वेळ मला पाठ आहे, कारण तेव्हाच आमची बस अनुराधापूरचा रस्ता सोडून एका मसाल्याच्या बागेत वळली आणि मी घड्याळ बघितलं. आत्या खिडकीपाशी पांढरी साडी नेसून बसली होती. ती साडी तिनं शिरड शहापूरहून प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता आणली होती.

आधीचं सांगतो, नाहीतर म्हणाल, एका झाडासाठी एवढा कांगावा काहून?

आत्या अंगणवाडीत मदतनीस होती. रिटायर झाली तेव्हा घरातले म्हणाले, पत्रे बदल, कूलर घे. ती म्हणाली, "मला बोधिवृक्ष बघायचा हाय. समुद्रापल्याडचा." बोधगयेच्या झाडाची फांदी तिकडं नेऊन लावली, हे तिनं विहारात इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते झाड तिला सासरी दिलेल्या बहिणीसारखं वाटायचं. सोबत कोण? मी. कारण मी "रिकामाच असतो".

निघायच्या आधी वस्तीतल्या बायकांनी एक ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून विहारातल्या पिंपळाखाली बसतील, आत्या तिकडून व्हिडिओ कॉल लावेल, आणि दोन्ही झाडांखाली वंदना एकदमच होईल. तिथलं आणि आपलं घड्याळ एकच आहे. फक्त हंगाम हळद काढणीचा होता. बायकांना न्यायला टेम्पो रोज आठला येतो. त्यांनी मुकादमाच्या मागं लागून त्या दिवसापुरता तो अकराला बोलावला. म्हणजे हातात एक तास.

वेळ मीच काढून दिली होती. सहलीच्या गुळगुळीत पत्रकात छापलेलं होतं की तिसऱ्या दिवशी दहाला अनुराधापूरचा महाबोधी, म्हणजे आत्याचं झाड. मी स्वतः पत्रकं लिहितो, रेशनवर, पाण्यावर, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीवर. छापलेल्यावर विश्वास ठेवू नका, असं औंढ्याच्या चौकात माइकवर ओरडतो. आणि हे छापलेलं मी डोळे झाकून खरं धरलं.

पहिले दोन दिवस मला बसमध्ये बसवेना. उतरा, चढा, फोटो काढा, चढा. समुद्र आला. किनाऱ्यावर पोत्यांच्या पट्ट्या अंथरून मासे वाळत घातलेले, बाया खराट्यानं ते सारखे करून राहिल्या होत्या. आत्या थेट त्यांच्याकडं गेली. भाषा एक नाही, तरी दोन मिनिटांत ती मासे उलटायला बसली. टूर मॅनेजर पुण्याचा, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली. "आजी, चला, इथं काही बघण्यासारखं नाही!" दुसऱ्या दिवशी जंगल. तळ्याकाठी हत्तींचा कळप, अंगावर चिखल उडवणारा. लोक मोबाइल वर धरून उभे. आत्या म्हणाली, "आंघोळ करून राहिलेत बिचारे, कशाला बघावं?" मी हसलो, पण माझं चित्त दहा वाजण्याकडं लागलेलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी ही बाग.

मी उठून मॅनेजरकडं गेलो. "सर, दहाला झाड आहे."

"आधी बाग, मग झाड. झाड कुठं पळून जातंय का?"

बस हसली. मागून एक नाशिकच्या काकू म्हणाल्या, "अहो, झाडाला पाच मिनिटं पुष्कळ झाली. मला गुडघ्याचं तेल घ्यायचंय."

बागेत तिथला गाइड छान हिंदी बोलायचा. दालचिनीची साल सोलून दाखवली, मिरीचा वेल दाखवला. मग एका वाफ्यापाशी थांबला, एक कंद उपटला, मोडून आतला पिवळा रंग दाखवला आणि आत्याच्या नाकापुढं धरला. "माताजी, यह हल्दी है."

माझ्या आत्याला! हिंगोली जिल्ह्यातल्या बाईला! अंगणवाडी सुटली की हळद काढायला, शिजवायला जाणारी बाई ती. तिची नखं अजून पिवळी आहेत. तिनं कंद हातात घेतला, चिमटीत दाबला आणि म्हणाली, "लेकरा, पाणी जास्त होऊन राहिलंय हिला. सड धरंल." गाइडला मी हिंदीत सांगितलं. तो खरंच वाफ्याकडं वाकून बघायला लागला. भला माणूस. त्याच्यावर माझा राग नाही.

दुकानातून सगळे बाहेर पडले तेव्हा नऊ पन्नास झाले होते. ड्रायव्हर म्हणाला, एका तासाचा रस्ता. म्हणजे दहा पन्नासला झाड. दहा मिनिटं उरत होती, वंदनेला पुरली असती.

आता मी काय केलं ते वाचा. मी बससमोर जाऊन बसलो. मांडी घालून, रस्त्यावर. "लेखी माफी दिल्याशिवाय बस हलणार न्हाई!" माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं, जे तहसीलसमोर पडतं. मॅनेजर आधी हसला, मग चिडला, मग त्यानं पुण्याला फोन लावला. मी पत्रकातला दहाचा आकडा वाचून दाखवला. दोनदा. फसवणूक म्हणालो, मनमानी म्हणालो, आमची माणसं तुम्हाला माणसं वाटत नाहीत म्हणालो. सगळं खरं होतं. ड्रायव्हर उतरून चहा प्यायला गेला.

मधेच आत्या बसच्या पायरीवर आली. "उठ रे पोरा."

"थांब आत्या, लिहून देऊन राहिलाय तो."

"मला काय करायचंय त्याचं लिहिलेलं? उठ म्हणते ना."

मी उठलो नाही. पंचेचाळीस मिनिटं मी तिथं बसलो आणि शेवटी माफी मिळवली. मॅनेजरच्या बॅगेत निघालेल्या हॉटेलच्या लेटरहेडवर, सहीसकट. घडी करून खिशात घातली तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

दहा पन्नासला आम्ही भाताच्या शेतांमधून चाललो होतो. आत्याचा फोन वाजला. पडद्यावर विहार, पिंपळ, पांढऱ्या साड्यांच्या रांगा. पुढं बसलेली आत्याची मैत्रीण विचारत होती, "बाई, झाड कुठाय? आमाला तर बसचा पंखा दिसून राहिला."

"येऊन राहिलं," आत्या म्हणाली. "जवळच हाय."

मागं टेम्पोचा हॉर्न. मैत्रीण म्हणाली, "आमाला आता जावं लागतंय." बायका उठल्या. साड्या बदलायलाही वेळ नव्हता. तशाच, पांढऱ्या साड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट चढवून त्या हळद काढायला गेल्या.

आम्ही पोचलो अकरा पस्तीसला. अनवाणी पायांखाली वाळू, सोनेरी कठडा, लोक निळी कमळं ओंजळीत धरून गप्प उभे. आत्यानं फोन लावला. शेतातून आवाज तुटत होता. "अगं, हात मातीचे हायेत... दिसंना काई..." मग तेही बंद. आत्यानं एकटीनं वंदना म्हटली, हळू. एक पान गळून पडलेलं होतं. ते ठेवायला मी खिशातला माफीनामा पुढं केला. तिनं मान हलवली आणि पान मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमागं सरकवलं.

पुढं चहाचे मळे झाले, अजून एक समुद्र झाला. मला काही आठवत नाही. गावात परतल्यावर बायकांनी विचारलं, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "बस उशिरा पोचली." माझं नाव घेतलं नाही. तेच मला बसू देत नाही.

मॅनेजरनं एक तास घेतला, पण उरलेली दहा मिनिटं मी घेतली. माफीनामा अजून माझ्याकडं आहे, ज्याला हवा त्यानं न्यावा.

तुमच्यापैकी कुणी तिकडं जाणार असेल, तर माझं एक ऐकाच. चार दिवस आधी कळवा. बायका तुम्ही म्हणाल त्या सकाळी, म्हणाल त्या वेळेला पिंपळाखाली बसतील. टेम्पोचं मी बघतो. बागेत बस थांबली तर भांडत बसू नका, रिक्षा करा आणि सरळ झाडापाशी जा. तिथून आत्याला फोन लावा. आणि कॅमेरा उलटा करा. तुमचं तोंड नको, झाड दाखवा.