राधानगरीच्या धुक्यात शाब्ली

कोल्हापूरच्या शाहूपुरीत नारळ आणि बर्फ घेतला आणि आम्ही राधानगरीच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेली शाब्लीची बाटली होती. शाब्ली म्हणजे फ्रान्सची तरतरीत, आंबटसर पांढरी वाइन. माझा नवरा अनिरुद्ध पुण्यात लोकांना वाइन चाखायला शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी तापात त्याचं नाक गेलं. कसलाच वास येईना, तेव्हा शिकवणंही सुटलं. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीचे वास नाकाला दाखवत राहा. शाब्ली त्याची सर्वांत लाडकी, आणि तिच्याबरोबर राधानगरीच्या जंगलाकडेला घरगुती जेवण देणाऱ्या वंदनाताईंकडचा पांढरा रस्सा जमेल असं तो पूर्वीपासून म्हणायचा.

उसाचे मळे संपले, भातखाचरं सुरू झाली आणि धरणाच्या पुढे धुक्याने रस्ताच गिळला. शेवटच्या चढावर गाडी चिखलात रुतली. बाटली छातीशी धरून आम्ही चालत वर गेलो. जंगल अगदी घरामागेच होतं, पण दिसत नव्हतं.

वंदनाताई एकट्याच होत्या. "मालक वाडीला गेल्यात, दत्ताच्या दर्शनाला," त्या म्हणाल्या. "लाईट न्हाय. बर्फबी इरघळला की तुमचा. द्या ती बाटली, हिरीत सोडू."

विहिरीच्या पाण्यात बाटली छान गार झाली. दुपारी सोप्यात (ओसरीत) पानं मांडली. खेकडे, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा. अनिरुद्धने घोट घेतला.

"आंबट कळतंय. गार कळतंय. बाकी पाणी."

मी चाखून त्याला सांगत गेले. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, ओला दगड. पांढऱ्या रश्श्यातला नारळाचा स्निग्धपणा एका घोटात धुऊन निघत होता आणि खेकड्याची गोडी वर येत होती. तांबड्यापुढे मात्र वाइन पार मेली. मी वाटी बाजूला सारली.

"तांबडा नको व्हय? मग कोल्हापूरला आलासा कशाला?" वंदनाताई हसत उठल्या. मागच्या परसात चुलीवर भाकरी होती.

अनिरुद्धने ग्लास खाली ठेवला. "वास येतोय."

मी त्याच्याकडे वळून विचारलं, "वाइनचा?"

"नाही. ओल्या कातड्याचा. चघळलेल्या गवताचा. गरम आहे." आणि त्याने एकदम वंदनाताईंचं मनगट धरलं. "मागे जाऊ नका."

"अवं पावणं, भाकरी करपंल की!"

"जाऊ नका. तिथे कुणीतरी आहे."

मला तसला वास येत नव्हता. ग्लासातल्या वाइनचा मात्र येत होता, आणि तो त्याला येत नव्हता. गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा थांबली. आम्ही तिघं मागच्या उघड्या दाराकडे बघत राहिलो. दारातलं धुकं एका जागी काळं होत गेलं. मग त्या काळ्यात पांढरे पाय दिसले, शिंगं दिसली. गवा होता. चूल आणि दार यांच्यामध्ये, वंदनाताई जिथे भाकरी उलटायला वाकल्या असत्या तिथेच. त्याने आम्हा दोघींकडे पाहिलंच नाही. तो अनिरुद्धकडे बघत होता, अनिरुद्ध त्याच्याकडे. मग पत्र्याला शिंग घासत तो वळला आणि धुक्यात मिसळून गेला.

वंदनाताई दारापर्यंत जाऊन बघून आल्या. "एकटा नर. लई वंगाळ जात. पावणं, तुमास्नी कळलं कसं?"

"वास आला."

त्यांनी चुलीच्या धुराकडे बोट केलं. धूर घराकडून रानाकडे चालला होता. "वारा हिकडनं तिकडं हाय. तुमचा वास त्येला जाईल. त्येचा तुमास्नी कसा येईल?"

अनिरुद्धने घाईने ग्लास नाकाशी नेला. मग करपलेली भाकरी. दोन्ही खाली ठेवली. सगळं पुन्हा बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली आणि आम्ही पुण्याला परतलो. डॉक्टर खूश झाले. वास परत येताना असाच तुटक येतो म्हणाले. त्यानंतर आम्ही बऱ्याच बाटल्या उघडल्या, पण काही आलं नाही. आता मीच चाखते आणि त्याला शब्दांत सांगते. एका बाईचा जीव वाचला, तेवढ्यासाठी तरी ते नाक उघडलं, अशी मी मनाची समजूत घालते. तो एक वास मात्र मला कधीच मिळाला नाही. पूर्वी वर्गात सांगायचास तसं सांग, असं मी परवा त्याला म्हटलं. तो बराच वेळ शब्द शोधत राहिला.

"नाही सांगता येत," शेवटी तो म्हणाला. "तू तिथे असायला हवी होतीस."

त्या दुपारी मी त्याच्या शेजारीच बसले होते.